वर्गाला सोबत

चिंचवड, १२ जुलै १९५८

ज्योतीराम,

आशीर्वाद आहेतच. ते वेगळे लिहीत नाही.

तू भिलाईला गेल्यापासून मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. तू तुझ्या बायकोला लिहितोस. पोस्टमन पाकीट माझ्या हातात देतो, मी ते कुसुमच्या हातात देते. ती आत जाऊन वाचते. बाहेर आली की शेवटची ओळ मला सांगते: आईला नमस्कार. माझी तक्रार नाही. तुझी प्रकृती बरी आहे एवढं त्यातून कळतं.

देवळातली आपली पूजेची पाळी भैरू नीट सांभाळतो. चुलत भाऊ असून सांभाळतो. तू ती का सोडलीस यावर आपलं बोलून झालेलं आहे, मी पुन्हा काढत नाही.

लिहायला कारण झालं कुसुमच्या वर्गाचं. शाळेत संध्याकाळचा जीवशास्त्राचा वर्ग निघाला आहे, तिने तुला विचारलं, तू लिहिलंस की जा, आणि आईला सोबत ने. हे तिने मला वाचून दाखवलं. म्हणजे त्या पत्रात माझ्यासाठी दोन ओळी होत्या. तेव्हापासून मी नेली जाते.

वर्ग शाळेच्या मागच्या खोलीत भरतो. दवाखान्यातले दोन कंपाउंडर, डेअरीतला एक गृहस्थ, त्याच दवाखान्यात काम करणारी रहिमाबी नावाची मुलगी, आणि तुझी बायको. शिकवायला अर्जुनराव मास्तर तळेगावहून येतात. वर्षाने परीक्षा. पास झालेल्यांना पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम मिळेल असं मास्तर सांगतात, पहिल्या नंबराला आधी बोलावणं. कुसुमच्या ते डोक्यात बसलं आहे.

मी शेवटच्या बाकावर बसते आणि वाती वळते. टेबलावर पितळी नळीचं यंत्र आहे, सूक्ष्मदर्शक. एकेकाने उठून त्याला डोळा लावायचा. कुसुम डोळा लावते आणि काढत नाही. मागचे खोळंबतात. मास्तर तिला पुरे म्हणत नाहीत. म्हणतात, "सावकाश बघ." सगळ्यांचं झालं की ते यंत्रावर फडकं टाकतात. मागच्या बाकाला विचारत नाहीत. विचारावं असंही नाही. सोबतीने बघायचं नसतं.

वर्गाच्या दिवशी भाकरीला उशीर होतो, हे तुझ्या कानावर असावं.

तुझी आई


चिंचवड, १० ऑगस्ट

ज्योतीराम,

तुझं पत्र आलं, कुसुमला. माझं पत्र पोचल्याचं त्यात होतं की नाही ते मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. शेवटची ओळ नेहमीचीच होती.

वर्गात सध्या कांदा चालू आहे. कांद्याच्या आतल्या पाकळीवरून पापुद्रा सोडवायचा, तो काचपट्टीवर पसरायचा, वर तांबड्या शाईचा थेंब. मग यंत्रात पेशी दिसतात म्हणे, विटा रचल्यासारख्या. पापुद्रा फाटता कामा नये. घरी सराव करा, असं मास्तरांनी सांगितलं आहे. चातुर्मासात आपल्या घरात कांदा येत नाही हे तुला सांगायला नको, आणि यंदा अधिक महिना, म्हणजे तो आणखी लांबला. पण कुसुम पडली कुरुळीची. तिचे वडील चाकणच्या बाजारात कांदा विकायला बसतात. त्यांनी तिला पिशवी भरून पाठवली.

ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आत्याबाई, खायचा न्हाई. बघायचा हाय."

मी म्हटलं, "बघायचाही उंबऱ्याबाहेर."

तेव्हापासून ती दुपारी रहिमाबीच्या घरी जाते. बोटांना वास घेऊन येते. हात धुऊनही तो जात नाही. आता तिचा पापुद्रा एका ओढीत निघतो, मास्तरांनी तो उजेडात धरून सगळ्यांना दाखवला.

मी कांद्याला हात लावलेला नाही. पण देवळामागे पानफुटी आहे. तिचं पान मोडून ओढलं की खालची साल पातळ निघते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. परवा मी ती काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी मास्तरांच्या टेबलावर ठेवून माझ्या जागेवर जाऊन बसले. बोलले नाही. मास्तरांनी ती यंत्राखाली घातली. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान वर करून म्हणाले, "कुसुम, हे झकास आणलंस."

सगळे उठले. कुसुम पहिली गेली. तिने सांगायला हवं होतं ते तिने सांगितलं नाही. मी एवढंच लिहिते. माणूस कसा आहे हे अशा वेळी कळतं.

घरी येताना तिने आपण होऊन सांगितलं की पानाला खालून तोंडं असतात, दोन ओठांची, शेकडो, त्यातून ते श्वास घेतं. मी माहीत असल्यासारखी मान हलवली. ते पान मी तोडलं होतं आणि त्याची तोंडं तिने पाहिली.

तुझी आई


चिंचवड, १४ सप्टेंबर

ज्योतीराम,

हे पत्र मी लिहिल्याचं कुसुमला कळू देऊ नकोस.

लोक बोलू लागले आहेत. रुक्मिणीबाईने परवा पाण्यावर चारचौघींत विचारलं, "कौशल्याबाई, तुमची सून सांजच्याला कुठं जाती हो?" मी काय सांगणार? पानादेठाचे पातळ काप घ्यायला वस्तरा कसा चालवायचा, ते मास्तर तिचा हात धरून शिकवतात. त्यांनी तिला एक भिंग घरी न्यायला दिलं आहे. ती ते उशाशी ठेवते. दुपारी रहिमाबीकडे जाते ती दिवस कलल्यावर येते. मी सोबत असते तोवर असते, पण माझं लक्ष कुठवर पुरणार?

गणपती तोंडावर आले आहेत आणि घरात जाळी काढलेली नाहीत. विचारलं तर म्हणते, कोळ्याला पाय किती असतात ते मोजत होते.

तू तिचा नवरा आहेस. तुझ्या शब्दाने गेली, तुझ्या शब्दाने थांबेल. मी सांगितलं तर मी सासू होईन.

उत्तर मला लिही. तिच्या पत्रात नको. पाकिटावर माझं नाव घाल.

तुझी आई

ता. क. वर्गात काय चालतं ते तुला कळावं म्हणून लिहिते. मास्तरांनी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या काचेच्या झाकणाच्या बशांत घातल्या. प्रत्येकाने एका बोटाने चकती दाबायची, झाकण घालायचं, आणि काही दिवसांनी बोटावरचं काय उगवलं ते बघायचं. एक बशी उरली. मास्तर म्हणाले, "मागच्या बाकालाही द्या." मला तिथे मिळालेली ही पहिली वस्तू. तू मला ओळखतोस. मी आंघोळ करून, वलणीवरचं सोवळ्यातलं नेसून, देवळाच्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन गेले होते. पायरीवर हात धुतले, ते कशाला पुसले नाहीत, कारण पुसलं की विटाळतं, आणि तसंच बोट टेकवलं. कुसुम चूल सारवून आली होती. तिने मास्तरांनी ठेवलेल्या स्पिरिटने बोट पुसलं, वाळू दिलं, मग टेकवलं.

आज झाकणं काढली. तिच्या चकतीवर दोन ठिपके होते. माझी चकती दिसत नव्हती. पिवळं, गुलाबी, एका कडेला करडे केस उभे राहिलेले. रहिमाबी म्हणाली, "मावशी, तुमच्या बोटावर तर अख्खं गाव राहतंय." सगळे हसले. कुसुम हसली नाही, तिने खाली बघितलं. हसली असती तर मला चाललं असतं.

मास्तर म्हणाले, ओला हात, पाण्यातून सगळं येतं. मी म्हटलं, हे पाणी मी देवाला घालते. ते म्हणाले, "देवाला चालेल. बटाट्याला चालत नाही."

हा असा वर्ग आहे.


चिंचवड, ६ ऑक्टोबर

ज्योतीराम,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "कौशल्याबाई, आज तुमचं हाय." कुसुम नेहमीप्रमाणे हात पुसत बाहेर आली होती. मी आत जाऊन वाचलं.

तू लिहिलं आहेस की तिने वर्ग ताबडतोब बंद करावा, आणि क्वार्टर मिळालं की तू तिला घेऊन जाशील. तू असंही लिहिलं आहेस की आई, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. ते मी पुन्हा वाचलं. तिच्यासाठी शेवटी एक ओळ होती, रुक्मिणीबाई काय म्हणाली त्याची. ती मी तिला वाचून दाखवली.

तिने एवढंच विचारलं, "आत्याबाई, रुक्मिणीकाकू खरंच असं म्हणाल्या?"

मी म्हटलं, "मी खोटं लिहीन का?"

ती भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी भिंग रहिमाबीच्या हाती मास्तरांकडे पाठवून दिलं. जेवणं वेळेवर होतात. जाळी काढली.

तू विचारलंस म्हणून सांगते, माझी प्रकृती बरी आहे. गुडघा दुखतो. लिहीत जा.

तुझी आई


चिंचवड, २१ ऑक्टोबर

ज्योतीराम,

तुझं पत्र आलं नाही. तू कामात असशील. लिहिण्यासारखं इकडून काही नव्हतं, कारण कुसुम सगळं नीट करते.

वर्गाच्या दिवशी मी काल चुकून तयार झाले. लुगडं बदललं, वातींचा कापूस घेतला, दाराशी आले, मग आठवलं. कुसुम तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहून निवडू लागली. मी म्हटलं, देवळात जाऊन येते. देवळात जाऊन आले.

शाळेच्या मागच्या खोलीतला दिवा देवळाच्या ओट्यावरून दिसतो. मला हे आधी ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं त्या ओट्यावर बसते, पण तिथे दिवाच नसायचा. आत आता बेडूक असणार. मास्तर म्हणाले होते, गणपतीनंतर बेडूक. रहिमाबी बघत असेल. कंपाउंडर बघत असतील, ज्यांना पेशी आणि पेशवे यांत फरक कळत नाही ते.

त्या बटाट्याच्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना पुन्हा एकेक बशी दिली होती. या खेपेला मी बोट स्पिरिटने पुसलं, वाळू दिलं, मग टेकवलं. बशीला झाकण घालून ती कपाटात ठेवली. मध्ये गणपतीची सुट्टी लागली, आणि ती उघडायच्या आधी तुझं पत्र आलं.

तुझ्या पत्रात तिला थांबव असं होतं. मला थांब असं नव्हतं. पण जिची सोबत करायची तीच घरी, तर सोबतीने कशाला जायचं? एखाद्या दिवशी जाऊन ती बशी तेवढी बघून यावी असं मनात येतं. त्यात तुझी हरकत नसावी. हरकत असेल तर कळव.

तुझी आई


चिंचवड, ३० नोव्हेंबर

ज्योतीराम,

तुझी हरकत कळली नाही, म्हणून गेले. दिवाळी संपली त्या आठवड्यात. एकटी.

मास्तर फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होते. दारात पावलं वाजली तशी वळले. "कुसुम कुठे?"

"घरी."

"मग तुम्ही कोणाच्या सोबतीला?"

कंपाउंडर हसले. मी म्हटलं, "माझी बशी उघडायची राहिली आहे."

ती त्यांनी टाकली नव्हती. कपाटाच्या कोपऱ्यातून काढून दिली. चकती सुकून चामड्यासारखी झाली होती. तिच्यावर काही नव्हतं. मास्तर दिव्याशी धरून म्हणाले, "काहीच नाही." मी ते काहीच नाही पुष्कळ वेळ बघत होते.

मग मी विचारलं, माझं नाव वर्गात घालता येईल का. त्यांनी शिक्षण विचारलं. सांगितलं, वडील तळेगावला शाळेत मास्तर होते, माझी सहावी झाली आणि लग्न झालं. ते म्हणाले सातवी लागते, नसेल तर तोंडी परीक्षा घ्यावी लागेल. तिथेच दारात उभं ठेवून घेतली. पानाची तोंडं कोणत्या बाजूला जास्त? खालच्या. का? वर ऊन लागतं, पाणी उडून जाईल. धुतलेला हात आणि निर्जंतुक हात यांत फरक काय?

मी म्हटलं, "एक देवाला चालतो."

ते हसले. म्हणाले, "हे सगळं कोणी शिकवलं?"

"तुम्ही. जूनपासून."

तेव्हा ते म्हणाले, पुढे बसा, कुसुमची जागा रिकामी आहे. मी तिच्या जागेवर बसले. ज्योतीराम, मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर ती जागा दुसऱ्या कोणाची असती तर एवढं बरं वाटलं नसतं.

यंत्राला डोळा लावला की आधी आपल्याच पापण्या दिसतात. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मग पापण्या गेल्या आणि खालून विटा वर आल्या. कांदा होता. कार्तिकी व्हायची होती. मी बघितला. रहिमाबी मागून म्हणाली, "मावशी, आम्हाला पण डोळे आहेत." मी सावकाश बघितलं.

आणखी एक. मास्तर साठी उलटलेले आहेत आणि त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. वस्तरा शिकवताना ते सगळ्यांचेच हात धरतात, कंपाउंडरांचेही. आता माझाही धरतात. तू विचारलं नव्हतंस म्हणून कळवलं नव्हतं.

चार दिवस एकटी गेले-आले. मग रुक्मिणीबाई पाण्यावर म्हणाली, "कौशल्याबाई, सांजच्याला एकल्याच कुठं जाता हो? चांगलं दिसत न्हाई." हे मात्र तिने खरंच विचारलं.

घरी येऊन मी कुसुमला म्हटलं, उद्यापासून सोबत चल.

ती म्हणाली, "त्यांनी मला वर्ग बंद कर म्हणून सांगितलंय."

"वर्ग बंदच आहे. तू मागे बसायचंस."

ती हसली की काय ते कळलं नाही, तोंडाला पदर होता. तर आता ती मागच्या बाकावर बसते. काही लिहीत नाही, यंत्रापाशी येत नाही. तुझा शब्द कोणी मोडलेला नाही.

पण मास्तर मला प्रश्न विचारतात, मी आठवू लागते, आणि तेवढ्यात त्यांचा बरा डोळा माझ्या खांद्यावरून मागे जातो. मी वळून बघत नाही. मागून ती बोलत नाही. बोलली असती तर मला तुला काही लिहिता आलं असतं. तिला उत्तर येत असतं आणि ती गप्प बसते.

तुझी आई


चिंचवड, १ मार्च १९५९

ज्योतीराम,

तुझं पत्र आलं, कुसुमच्या नावाचं. ती आत घेऊन गेली. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, आता येईल आणि शेवटची ओळ सांगेल. ती आली आणि अख्खं पत्र माझ्यासमोर ठेवलं. तुझं तिला लिहिलेलं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं. तू तिला मला लिहितोस तसं लिहीत नाहीस. ते असू दे. बायकोला तसं लिहायचं नसतं.

त्यात तू लिहिलं होतंस, आईला थांबव, या वयात हसं होईल, लोक बोलतील.

कुसुम उभीच होती. म्हणाली, "आत्याबाई, काय लिवू त्यांना?"

मी म्हटलं, तुला लिहायचं ते लिही.

"तुमी माझ्याबद्दल लिवलंत तवा मला इचारलं न्हवतं. म्हणून आता इचारते."

मी भाकरी उलटली. ती बसली. तिने काही आवाज चढवला नाही. म्हणाली, रुक्मिणीकाकूंना तिने तेव्हाच, दिवाळीच्या आधीच, जाऊन विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मी कशाला बोलू बाई, मला तर वाटलं तुम्ही दोघी भजनाला जाता. म्हणजे कुसुमला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ती वर्गाच्या दिवशी दिवे लागायच्या वेळी पायात चपला घालून माझ्यासाठी दाराशी उभी राहायची, आणि परत येताना नदीकडच्या उतारावर माझा हात धरायची, गुडघ्यामुळे.

मी विचारलं, "मग सोबत का येत होतीस?"

ती म्हणाली, "मागच्या बाकावरनं बी ऐकू येतं."

मग तिने सांगितलं की ती तुला काही लिहिणार नाही. "तुमी सुरू केलं, तुमी लिवा." म्हणून मी लिहिते.

लोक बोलत नव्हते. मी बोलत होते.

त्या पानफुटीच्या सालीच्या दिवशी कुसुमने सांगितलं होतं, हे आत्याबाईंनी आणलं. मास्तर हसले. तिने पुन्हा सांगितलं. त्यांना वाटलं ती सासूचा मान राखते आहे. मी हे सगळं ऐकत होते आणि तुला उलट लिहिलं. ती रहिमाबीकडे दुपारभर जायची कारण मी कांदा घरात येऊ दिला नाही. भिंग मास्तरांनी सगळ्यांना आळीपाळीने दिलं होतं. उशाशी ती ते ठेवायची हे खरं आहे. मीही ठेवलं असतं.

तू मला पत्र लिहिलंस ते तिच्यावर रागावून. हे मला तेव्हाच कळत होतं. तिच्याबद्दल वाईट लिहिलं की पाकिटावर माझं नाव येतं, आणि ती नीट वागली की येत नाही. आता हे सगळं कळवल्यावर पुन्हा येणार नाही. तू तिला लिही. तिची माफी माग, तुझ्या चुकीची आणि जमलं तर माझ्याही. माझ्या तोंडून ते निघत नाही. परवा तिला न सांगता तिच्यासाठी कांदा आणून चिरून ठेवला, एवढंच जमलं. तिने तो खाल्ला. आधी पापुद्रा काढला.

आता परीक्षेचं. मास्तरांनी वर्गाच्या यादीतून तिचं नाव कधी काढलंच नव्हतं. आम्ही दोघींनीही परीक्षेला बसायचं ठरवलं आहे. ही परवानगी मागत नाही. क्वार्टर मिळालं असं तू लिहिलं आहेस. परीक्षा एप्रिलात आहे, त्याआधी ती येणार नाही. त्यानंतर कारखान्यातून बोलावणं आलं तर पुढचं तिचं ती ठरवेल, आणि तुला कळवेल.

आम्ही सध्या चुलीपाशी बसून अभ्यास करतो. मी वाचते, ती ऐकते. ती पुढच्या वर्षीही विसरणार नाही अशी ऐकते. तिच्या आकृत्या छापल्यासारख्या येतात. माझ्या बेडकाचं हृदय वांग्यासारखं होतं. ती म्हणते, होईल, रेघ हलकी ओढा. माझ्या हातावर हात ठेवून शिकवते. मला ते सहन होत नाही, आणि मी हात काढून घेत नाही. वनस्पतींत मात्र ती मागे आहे. बेल, पानफुटी, दूर्वा, आघाडा, मी हे सगळं हाताने तोडत आले, मला खोड आणि मूळ पाठ करावं लागत नाही. आणि पातळ काप घ्यायचा तर तिचा वस्तरा अजून अडखळतो. पत्रावळी लावून लावून माझं बोट स्थिर झालेलं आहे. हे मी तिला सांगितलेलं नाही.

काल मास्तरांनी सराव परीक्षा घेतली. तिला माझ्यापेक्षा जास्त मिळाले. तिने पेपर घडी घालून कमरेला खोचला, म्हणजे मला दिसू नये. मी ती घरात नसताना काढून पाहिला. पानाच्या प्रश्नात तिचं चुकलं होतं. बरोबर काय ते मला येतं. अजून सांगितलेलं नाही. सांगेन. परीक्षेच्या आधी सांगेन.

कुसुम पास व्हावी असं मला अगदी मनापासून वाटतं, ज्योतीराम. चांगल्या मार्कांनी पास व्हावी, मास्तरांनी तिचं नाव मोठ्याने वाचावं. माझ्यानंतर लगेच.

आई